होळीपर्यंतचं धान्य

होळीच्या आधीच्या आठवड्यात मोलगीला जो बाजार भरतो, त्याला भोंगऱ्या म्हणतात. वरच्या पाड्यांतली माणसं त्या दिवशी जीपच्या टपावर बसून, नाहीतर चालत येतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेलीही येतात, कारण उसाच्या फडात कुणी होळी करत नाही.

दानियल गावित सुमेरमल सेठच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. नवापूरकडचा हा माणूस बऱ्याच वर्षांपूर्वी जांभीपाणीच्या शाळेत शिक्षक म्हणून आला. पुढे तालुक्याच्या कार्यालयात अधिकारी झाला, तरी डोंगरात त्याला सगळे अजून मास्तरच म्हणत. जांभीपाणीचं हंगामी वसतिगृह त्याच्या ताब्यात होतं. आईबाप ऊस तोडायला गेले तरी मुलांनी मागे राहून शाळा शिकावी, यासाठी सरकार असं वसतिगृह चालवतं. वसतिगृह म्हणजे शाळेच्याच दोन खोल्या, सतरंज्या, घोंगड्या आणि मागच्या पडवीतली कौसाबाईची चूल. दुपारची खिचडी शाळेत मिळे. सकाळ-संध्याकाळ कौसाबाई भाकरी करी, किराणा सुमेरमलकडून येई.

"मास्तर, आज लई खूश दिखी ऱ्हायनात," सुमेरमल म्हणाला. त्याचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण तो स्वतः पक्की अहिराणी बोले.

"का नसणार सेठ? आईबाप आले. होळी झाली की पोरं आपापल्या घरी. यंदाचं वसतिगृह पार पडलं."

"म्हंजे मन्हं गिऱ्हाईक गयं," सेठ हसला.

ढोल वाजवत एक टोळी ओट्यासमोरून चालली होती. तिच्यातला एकजण थांबला. पाय अनवाणी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधलेले. जांभीपाणीचा इंद्रसिंग. होळीचा नवस बोललेले पुरुष काही दिवस पालनी पाळतात. ते जमिनीवर झोपतात, खाटेवर बसत नाहीत, चप्पल घालत नाहीत. इंद्रसिंगनं यंदा पालनी धरली होती.

"बस रे इंद्रसिंग. चहा घे."

"उभाच बरा मास्तर. तुझ्या सेठचा ओटा उंच आहे, माझा नवस मोडायचा."

"कशासाठी बोललास नवस?"

"मोगीसाठी." इंद्रसिंगच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "चौथीत आहे ना पोरगी. आमच्या घरात चौथीपर्यंत कोण गेलंय? मी दुसरीत पळालो. तूच मारलं होतं मला."

"मारलं नव्हतं. कान धरला होता."

"तोच कान अजून दुखतो." तो मोठ्यानं हसला. मग ढोलाकडे वळता वळता म्हणाला, "होळी झाली की आम्ही निघू. मोगीला सांगून ठेव, रडायचं नाही म्हणावं. एप्रिलात येतोच."

दानियलनं कप खाली ठेवला. "निघू म्हणजे? कुठे?"

"फडावर. अजून अर्धा ऊस उभा आहे. मुकादमाचा ट्रक येतोय."

"पण होळीनंतर तुम्ही जात नाही ना परत?"

"होळी उशिरा असली की नाही जात. तेव्हा ऊसच संपलेला असतो. यंदा किती लवकर आली बघ. सगळेच जाणार." आणि तो ढोलामागे गर्दीत मिसळला.

सेठ काहीतरी बोलत होता. दानियलला ते ऐकू आलं नाही.

त्याला एकदम काय समजलं, ते नीट सांगायला हवं.

सरकारी पैसा घरच्या पैशासारखा नसतो. कोणत्या कामाला किती, हे आधी ठरतं, त्याला कायद्यानं मंजुरी मिळते, आणि मग त्या आकड्याबाहेर कुणालाही जाता येत नाही. जांभीपाणीच्या वसतिगृहाला चाळीस मुलांची मंजुरी होती, एप्रिल संपेपर्यंत. पण दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी पडवीत साठाच्या वर मुलं उभी होती. एका पाड्यातली मुलगी आली की तिच्या मागे चुलत बहीण येते, चुलत बहिणीच्या कडेवर भाऊ असतो. दानियलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात हिशेब मांडला. डोंगरातली माणसं होळीला घरी येतात, मग जात नाहीत, हे त्यानं गेली काही वर्षं स्वतः पाहिलं होतं. बाहेरच्या अधिकाऱ्याला हे माहीत नसतं, आपल्याला आहे. म्हणजे मार्च-एप्रिलचा पैसा उरणारच. तो आत्ता वापरला, तर सगळीच मुलं जेवतील. त्याला स्वतःचा हा विचार फार आवडला होता. आकडा सांभाळून सगळी मुलं ठेवून घेतली, असं तो घरी बायकोलाही सांगून बसला होता.

फक्त होळी कधी आहे, ते त्यानं पाहिलं नव्हतं. होळीला माणसं येतात, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. माणसं होळीमुळे येत, पण थांबत ती ऊस संपला म्हणून.

आणि आता वसतिगृहाच्या नावावर काही उरलं नव्हतं. उलट, गेल्या आठवड्यातच खर्च मंजुरीच्या पलीकडे गेला होता. होळीपर्यंतचेच दिवस आहेत, म्हणून त्यानं तिकडेही डोळेझाक केली होती.

परतताना जीपमध्ये त्याला पौषातली एक सकाळ आठवली. वसतिगृहात मुलांना तो गणित घालत होता. "चाळीस भाकरी आहेत आणि साठ मुलं. प्रत्येकाला किती मिळेल?" मुलं बोटं मोजू लागली. मोगी तेवढी उठून उभी राहिली.

"मास्तर, भाकरी कमी आहेत. कौसाबाईला सांगावं लागेल."

"अगं, उत्तर सांग."

"हेच उत्तर. आधी सांगावं लागेल, पीठ मळायच्या आधी."

सगळी मुलं हसली होती. दानियलही हसला होता, आणि त्यानं तिला फळ्यावर भागाकार करून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला लेखाधिकारी अल्पना जैन यांच्यासमोर बसला. बाई मूळच्या शहाद्याच्या. कापड दुकानदाराच्या घरात वाढलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दानियल सर, मी डिसेंबरात तुम्हाला विचारलं होतं. याच टेबलाशी."

"हो मॅडम."

"काय विचारलं होतं?"

"जादा लागणार आहे का. सुधारित मागणी पाठवायची आहे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

दानियलनं खाली पाहिलं. "गरज नाही म्हणालो. होळीला सगळं मिटतं म्हणालो."

"तेव्हा मुलं साठच्या वर होती?"

"हो."

"मग का नाही म्हणालात?"

"तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं. मग मुलं परत पाठवावी लागली असती."

"मी नाही म्हटलं असतं किंवा वरच्यांनी म्हटलं असतं. कदाचित हो म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाही. आमचं 'नाही' तुम्हीच म्हणून टाकलंत." त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. कागद उडत होते. "आता त्या मागणीची वेळ गेली. मंजुरीच्या बाहेर खर्च करायचा अधिकार मला नाही, तुम्हाला नाही, वरच्या साहेबांनाही नाही. जो झाला, त्याचं उत्तर कार्यालयाला द्यावं लागेल. वसतिगृह होळीलाच बंद करा."

"नदीपलीकडच्या वसतिगृहात शिल्लक आहे. तेही माझ्याकडेच आहे."

"तिथे शिल्लक का आहे?"

नदीपलीकडच्या अधीक्षकानं दिवाळीनंतर बरोबर चाळीस मुलं घेतली होती आणि बाकीची दारातून परत पाठवली होती. दानियल त्याला दगड म्हणायचा. चहाच्या टपरीवर, चारचौघांत म्हणायचा.

"ती चाळीस मुलं एप्रिलपर्यंत जेवतील," अल्पनाबाई म्हणाल्या. "त्यांच्या ताटातलं उचलून इकडे वाढायचं आहे का तुम्हाला? सांगा, मी वर विचारते."

"नको."

"मग?"

"माझ्या पगारातून कापा."

"चौकशी होईल, कापायचं ठरलं तर कापतील. तुम्हाला बरंही वाटेल त्यानं." बाईंच्या स्वरात टोमणा नव्हता. "पण त्यानं मार्चमधली भाकरी होत नाही. आईबापांना काय सांगणार आहात, ते बघा आधी."

होळी झाली. जांभीपाणीच्या माळावर पहाटे दांडा पेटला. इंद्रसिंग अंगावर पांढरे ठिपके काढून नाचला. दानियल गेला नाही. एरवी तो दरवर्षी जायचा.

ट्रक यायच्या दिवशी तो सकाळीच वर निघाला. मोलगीला जीप बदलताना सुमेरमलनं हाक मारली. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"मास्तर, तांदूळ, दाळ, तेल, लागी ते लई जा. पोऱ्या उपाशी ऱ्हावाले नको. पैसा पुढला साली बी चाली."

दानियलचं पाऊल ओट्यावर पडलं. गोणी तिथेच, दाराशी उभ्या होत्या. जीपवाला चढवायलाही तयार होता. संध्याकाळी कौसाबाईची चूल पेटली असती, कुणाला काही सांगावंच लागलं नसतं.

"फक्त इतलं सांगा," सेठनं तराजू पुसत विचारलं. "शब्द कोना शे? सरकारना का तुमना?"

सरकारचा, असं दानियलच्या ओठांवर आलं होतं. दिवाळीनंतर मुलं ठेवून घेतानाही तो हेच म्हणाला होता. पण सरकारनं चाळीस मुलांचा शब्द दिला होता. त्यापुढचा सगळा शब्द दानियलनं सरकारच्या नावानं स्वतःच देऊन टाकला होता.

"सेठ, माल राहू द्या," तो म्हणाला. "माझ्याकडे द्यायला शब्द नाही."

सुमेरमलनं तराजू खाली ठेवला. "चहा तरी पी जा," तो म्हणाला. दानियलनं हात जोडले आणि जीपमध्ये बसला.

जांभीपाणीला शाळेसमोर मोहाचं झाड आहे. खाली फुलं पडायला लागली होती. आईबाप गाठोडी घेऊन तिथे जमले होते, मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर होती. मुलं आज इथे सोडायची, म्हणून आयांनी त्यांना तेल लावलं होतं, कपडे धुतले होते. दानियलला ते बघवेना. तरी तो उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. मंजुरी किती मुलांची होती, त्यानं किती घेतली, होळीवर कसं मोजलं, आणि आता खोल्यांत एक मूठही धान्य का नाही. कार्यालयावर ढकलण्याजोगं एखादं वाक्य त्याच्या मनात दोनदा आलं. ते त्यानं गिळलं.

कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं, तर त्याला सोपं गेलं असतं.

कौसाबाई पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिचे हात पिठाचे नव्हते, एवढंच वेगळं होतं. "मास्तर, पोरांचे आईबाप फडावर परत चाललेत, हे तुला कधी कळलं?"

"भोंगऱ्याला."

"आणि पोरं जास्त आहेत, धान्य पुरणार नाही, हे?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग पहिल्या दिवशी का नाही बोललास? मी रोज चूल पेटवत होते. मला तरी सांगायचं."

"मला वाटलं, तुम्ही सगळे काळजी कराल."

म्हातारा गुलाबसिंग खाली बसून मोहाची फुलं गोळा करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आमची काळजी तूच करून टाकलीस होय?" दोघंतिघं हसले. दानियलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"असं बघ मास्तर," गुलाबसिंग पुढे बोलू लागला, मुलाला समजावावं तसा. "दिवाळीला आमच्या कणग्या भरलेल्या असतात. मका असतो, ज्वारी असते, भगर असते. तू तेव्हा म्हटलं असतंस, की सरकार चाळीस पोरांचं देतं, बाकीच्यांचं तुम्ही बघा, तर घरटी दोन टोपल्या तुझ्या खोलीत ओतून गेलो असतो. कुणी नाही म्हटलं नसतं. आता होळी झाली. सोयरे आले, जेवले. माझ्या कणगीत वाकून बघ, तळ दिसतो. आमच्याकडे होतं, तेव्हा तू मागितलं नाहीस."

चाळीस भाकरींचा भागाकार त्यानं एकट्यानंच केला होता. भाकरी थापणाऱ्यांना विचारलं नव्हतं.

मग माणसं त्याला सोडून आपसांत बोलू लागली, घरच्या बोलीत, भरभर. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस होतं, त्यांची मुलं घरी राहतील असं ठरलं. म्हाताऱ्यांनी शेजारची एकदोन मुलंही वाटून घेतली. गुलाबसिंगनं तीन घेतली. कौसाबाईनं दोन घेतली आणि वर म्हणाली, "पगार नाही हे कळलं मला. बोलू नको आता." दुपारी शाळेची खिचडी होती. बाकी मोहाची फुलं, आंबील, जे असेल ते.

शेवटी सात मुलं उरली. त्यांच्या घरी मागे कुणीच नव्हतं. मोगी त्यातली एक.

"इंद्रसिंग," दानियल म्हणाला, "मोगीला माझ्या घरी पाठव. माझी बायको ग्रेसी आहे, मुलगी आहे तिच्याच वयाची. तालुक्याच्या शाळेत बसवतो तिला."

इंद्रसिंगचे पाय अजून अनवाणी होते. पालनी संपली होती, पण चप्पल कुठेतरी राहिली असावी. त्यानं उरलेल्या सहा मुलांकडे पाहिलं. ती दगडावर ओळीनं बसली होती आणि हे बोलणं ऐकत होती.

"ह्यांना पण नेशील?"

दानियलच्या घरात दोन खोल्या होत्या.

"मग राहू दे," इंद्रसिंग म्हणाला. रागानं नाही. "तू परत मोजायला लागशील. एकीला नेतो म्हणशील, मग दुसरीचं तोंड बघून तिलाही नेशील. मग तुझ्या घरात भाकरी कमी पडेल आणि तू आम्हाला सांगणार नाहीस."

ट्रकचा आवाज खालच्या वळणावर ऐकू आला. माणसं उठली. गाठोडी, पातेली, कोंबड्यांची एक टोपली वर गेली. मोगी दप्तर पाठीला लावूनच आली. फडावर शाळा नव्हती, पण ते घरी ठेव असं तिला कुणी म्हटलं नाही.

दानियल तिच्यासमोर उकिडवा बसला. "मोगी, ते भाकरीचं गणित आठवतं का?"

"चाळीस आणि साठ?"

"हो. तू सांगितलेलं उत्तर बरोबर होतं. मी ते चुकीचं ठरवून फळ्यावर दुसरंच लिहिलं. चूक माझी होती."

मोगीनं जरा विचार केला. "पण तुमचंही बरोबर होतं मास्तर. पाऊण पाऊण दिली तर भाकरी कमी पडतात."

"मग किती द्यायची?"

"दोनतृतीयांश. मग कमी पडत नाही, उरतही नाही." तिनं हे पटकन सांगितलं, शाबासकीची वाट पाहत. दानियलनं शाबास म्हटलं. मग आईनं तिला वर ओढून घेतलं.

इंद्रसिंग सगळ्यांत शेवटी चढला. फळीवर एक पाय ठेवून त्यानं विचारलं, "मास्तर, पुढच्या साली होळी कधी आहे?"

दानियलनं हे या वेळी पाहून ठेवलं होतं. "यंदा अधिक महिना आहे. म्हणून पुढची उशिरा येईल. मार्च संपत आल्यावर."

"मग बरं आहे. तुझा हिशेब जमेल."

"नाही," दानियल म्हणाला. "होळीवर मी आता काही मोजणार नाही. किती मुलं आहेत ते आधी वर लिहून देईन, सगळ्यांचं मागेन. किती मिळालं आणि किती नाही, ते सांगायला दिवाळीला इथे येईन. नाही मिळालं तरी येईन."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. इंद्रसिंगनं फळी वर घेतली. मोगी आईच्या मांडीत बसून दप्तराचा पट्टा आवळत होती.

"ये," इंद्रसिंग म्हणाला. "दिवाळीला घरात धान्य असतं."